पत्र्याला वळण

वार्षिक अंकासाठी लेख द्यायचा म्हटले की आपण कलाशाखेचे विद्यार्थी संतसाहित्य, एखादा आवडता कवी, एखादी सहल किंवा इतिहासातील एखादी व्यक्ती यांच्याकडे वळतो. मी या वेळी मोटारीच्या पत्र्याचा विषय घेतला आहे. सपाट पत्र्यापासून मोटारीचे गोलाईदार अंग हाताने कसे घडते, त्यामागचे शास्त्र काय, आणि जगात ठिकठिकाणी माणसे या कामाच्या नादी का लागली, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. ‘आर्ट्सच्या अंकात पत्राठोक कशाला?’ असे एका मित्राने विचारलेच. त्याला मी एवढेच म्हटले की, वात्स्यायनाने चौसष्ट कलांची जी यादी दिली आहे तीत गीत, वाद्य, नृत्य यांच्याच पंगतीला तक्षण आणि धातुवाद, म्हणजे सुतारकाम आणि धातूंची विद्या, बसलेली आहेत. त्यांना या पंगतीतून कोणी आणि केव्हा उठवले, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की माझे वडील डेंटर आहेत. अपघातात चेपलेल्या गाड्यांचे पोचे काढणे हा गेली तीस वर्षे त्यांचा व्यवसाय आहे. गॅरेज घराला लागूनच असल्यामुळे माझा सगळा अभ्यास हातोडीच्या आवाजात झाला. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली काम करतो. साधा पोचा मला काढता येतो; मडगार्डची गोलाई मात्र अजून साधत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यातले निम्मे त्यांच्याकडे पाहून आणि निम्मे वाचून मिळालेले आहे. ही दोन्ही ज्ञाने एकमेकांशी किती नेमकी जुळतात हे पाहून मला नवल वाटले आणि त्या नवलातूनच हा लेख झाला.

सपाट पत्रा गोल का होत नाही?

एक कागद घ्या. त्याची नळी करता येते, सुरळी करता येते, शंकूसारखा द्रोणही करता येतो. पण तोच कागद चेंडूवर चढवून पाहा. कुठेतरी सुरकुती पडते, नाहीतर कुठेतरी तो फाटतो. मोसंब्याची साल टेबलावर सपाट दाबायला गेले तर ती चिरते, तसाच हा प्रकार. एका दिशेने वळणे आणि दोन्ही दिशांनी एकाच वेळी वळणे यांत मूलभूत फरक आहे. जर्मन गणिती गाउस याने १८२७ साली हे सिद्ध करून ठेवले, की पृष्ठभाग कुठेही न ताणता वा न आवळता सपाटाचा गोल किंवा गोलाचा सपाट करता येत नाही. नकाशात ग्रीनलंड बेट अवास्तव मोठे दिसते त्याचेही कारण हेच.

मोटारीचे मडगार्ड, बॉनेटचे नाक, टपाचे कोपरे हे सगळे दुहेरी वळणाचे असतात. तेव्हा पत्रा ठोकणाऱ्यापुढे दोनच उपाय उरतात. एक तर पत्रा मधोमध ताणायचा, म्हणजे तो पातळ होऊन पसरतो आणि त्याला पोट सुटते. किंवा त्याचे काठ आवळायचे, म्हणजे ते जाड होऊन आखडतात आणि मधला भाग आपोआप उचलला जातो. जगातला कोणताही कारागीर कोणत्याही हत्याराने या दोहोंपलीकडे तिसरे काही करत नाही.

आपल्या घरात या दोन्ही क्रिया रोज चालतात. भाकरी थापताना हाताच्या दाबाने गोळा पातळ होतो आणि पसरतो. हे झाले ताणणे. उकडीच्या मोदकाची पारी करून तिला कळ्या पाडतात आणि त्या एकत्र आणून वर नाक काढतात; हे झाले आवळणे. पारीचा घेर मोठा असतो, मोदकाचे तोंड लहान. मधला जादा भाग कळ्यांमध्ये सामावला जातो. पत्राकामातही अगदी हेच करतात. काठाला मुद्दाम चुण्या पाडायच्या आणि मग लाकडी मोगरीने त्या चुण्या टोकाकडून आत दाबत जायच्या. चुणी पसरू न देता ती स्वतःतच जिरवली की पत्रा तेथे जाड होतो आणि काठ आखडतो. मोदकात कळ्या दिसायला हव्यात, पत्र्यात त्या नाहीशा व्हायला हव्यात, एवढाच काय तो फरक.

हातोडी, डॉली आणि तळहात

पोचा काढणे म्हणजे मागून ठोकून पत्रा पुढे आणणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. तसे केले तर पत्रा पुढे येतो खरा, पण ठिकठिकाणी ताणला जाऊन टेंगळे येतात. मग तो बोटाने दाबला की आत जातो, सोडला की ‘टक’ करून बाहेर येतो. जुन्या बिस्किटाच्या डब्याचे झाकण वाजते तसा. वडील अशा पत्र्याला ‘मेलेला पत्रा’ म्हणतात.

नीट पद्धत अशी. एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात, पत्र्याच्या मागे, डॉली. डॉली म्हणजे मुठीत मावेल असा पोलादाचा गुळगुळीत, निरनिराळ्या गोलाईचा ठोकळा. हातोडीचा घाव बरोबर डॉलीवर पडला तर मधला पत्रा दोन पोलादांत चिरडला जातो आणि ताणतो. घाव डॉलीच्या शेजारी पडला तर उंच भाग खाली बसतो आणि त्याच क्षणी डॉलीच्या दाबाने शेजारचा खोल भाग वर येतो; पत्रा न ताणता सरळ होतो. बाहेरून दोन्ही क्रिया सारख्याच दिसतात. आवाजात मात्र फरक असतो. घाव डॉलीवर असेल तर खणखणीत, शेजारी असेल तर बद्द.

दुसरा नियम क्रमाचा. धक्का बसताना पत्रा आधी एका जागी दबतो आणि मग त्याच्याभोवती कडा उठतात. काढताना उलट जायचे. शेवटी उठलेली कड आधी बसवायची. बहुतेक वेळा असे केले की मधला मोठा खड्डा थोड्या दाबानेच वर येतो, कारण पत्र्याचा तो भाग कायमचा वाकलेला नसतो, भोवतालच्या कडांनी त्याला नुसते अडकवून ठेवलेले असते. दोऱ्याची गाठ सोडवताना शेवटचा पेच आधी सोडवतात, तसेच हे. शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, धातू एका मर्यादेपर्यंत वाकला तर मागे येतो, ती मर्यादा ओलांडली की येत नाही. अपघातात चेपलेल्या दाराचा फारच थोडा भाग ती मर्यादा ओलांडून गेलेला असतो. तो थोडा भाग कोणता, हे ओळखणे म्हणजेच निम्मे काम.

आणि ओळखायचे कशाने? डोळ्याने नव्हे, कारण रंग उडालेल्या पत्र्यावर डोळा फसतो. तळहाताने. वडील डोळे दुसरीकडे ठेवून पत्र्यावरून सपाट तळहात फिरवतात, कधी मध्ये पातळ फडके धरतात. फडक्यामुळे कातडीला पत्र्याचे घर्षण जाणवत नाही, फक्त उंचसखलपणा जाणवतो. केसाच्या जाडीएवढा चढही मग कळतो. नंतर कानस हलकेच फिरवली की उंच जागा चकाकतात, खोल जागा तशाच राहतात आणि हाताने सांगितलेले डोळ्यालाही पटते.

पत्रा जास्त ताणला गेलाच, तर तो आवळण्याची एक युक्ती आहे, ती मला सर्वांत सुंदर वाटते. फुगलेल्या जागेच्या मधोमध रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका गॅसच्या ज्योतीने लाल करायचा. तापलेला धातू प्रसरण पावू पाहतो, पण भोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही. मग तो मऊ झालेला ठिपका जागच्या जागी फुगतो आणि जाड होतो. हलक्या हाताने तो बसवायचा आणि लगेच ओले फडके लावायचे. थंड होताना ठिपका आकुंचन पावतो आणि भोवतालचा सैल पत्रा आपल्याकडे ओढून घेतो. म्हणजे ज्या उष्णतेने वस्तू प्रसरण पावते असे आपण शाळेत शिकलो, त्याच उष्णतेने येथे पत्रा आखडतो. वडिलांनी शाळा सातवीत सोडली. हा नियम ते दिवसातून दहा वेळा वापरतात.

तांबट आळीशी नाते

हे काम मोटारीबरोबर आपल्याकडे आले असे समजण्याचे कारण नाही. पुण्याच्या कसबा पेठेत पेशवाईपासून तांबट आळी आहे. तांब्याच्या सपाट पत्र्याचा हंडा, घागर किंवा बंब करताना तांबट याच दोन क्रिया करतो: पोट ताणायचे आणि गळा आवळायचा. ठोकता ठोकता तांबे कडक होते. धातू स्फटिकांचा बनलेला असतो. घाव बसतात तसे या स्फटिकांचे थर एकमेकांवरून घसरतात, त्यांत गुंते वाढत जातात आणि पुढचे घसरणे अवघड होते. कडक झालेले तांबे आणखी ठोकले तर चिरते. म्हणून मध्ये मध्ये त्याला ताव देऊन, लाल करून, पुन्हा नरम करावे लागते. शेवटी मात्र हेच कडकपण हवे असते. मठारकाम केलेल्या भांड्यावर घावांच्या ज्या सारख्या, चमकदार टिकल्या दिसतात त्या शोभेसाठी तर खऱ्याच, पण त्यांच्यामुळे भांडे ताठ होते आणि सहजासहजी पोचत नाही.

घमेल्याचा किंवा परातीचा काठ आत तार घालून वळवलेला असतो तो पाहा. जुन्या मोटारींच्या मडगार्डचे काठही असेच तार घालून वळवत. पातळ पत्र्याला बळ येते ते जाडीने कमी आणि वळणाने जास्त, हे दोन्हीकडच्या कारागिरांनी आपापल्या वाटेने ओळखले होते.

अॅल्युमिनियमची गोष्ट थोडी निराळी. ते ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळेपर्यंत लाल होत नाही. पाहता पाहता पत्र्याला भोक पडते. तेव्हा नरम करताना ते पुरेसे तापले हे ओळखायचे कसे? यावर परदेशातील कारागिरांनी काढलेला तोडगा म्हणजे साबण. पत्र्यावर साध्या साबणाची रेघ ओढायची आणि खालून तापवायचे. रेघ करपून काळपट झाली की थांबायचे. काही जण ज्योतीची काजळी पत्र्यावर धरतात आणि ती जळून जाईपर्यंत तापवतात. प्रयोगशाळेतील तापमापकाचे काम साबणाच्या तुकड्याने करणाऱ्या माणसाला अडाणी कसे म्हणावे?

मोडेनाचा कारागीर

मोटारीच्या आरंभकाळी सगळ्याच गाड्यांचे अंग हाताने घडत असे. कारखाना फक्त इंजिन आणि चेसिस देई. त्यावर घोडागाडी बांधणारे कारागीर लाकडाचा सांगाडा उभारून पत्रा चढवीत. अमेरिकेत एडवर्ड बड याने १९१४ च्या सुमारास डॉज बंधूंच्या गाड्यांसाठी संपूर्ण पोलादी, साच्यात दाबलेली अंगे पुरवायला सुरुवात केली आणि चित्र पालटले. पोलादाच्या दोन साच्यांमध्ये पत्रा ठेवून प्रचंड दाबयंत्राने एका घावात मडगार्ड निघू लागले. पण साच्याला अफाट खर्च येतो. हजारो गाड्या विकल्या तरच तो परवडतो.

त्यामुळे गाडीचा आकार पुष्कळदा कलावंताच्या कल्पनेइतकाच साच्याच्या खर्चावर ठरत आला आहे. १९४८ साली इंग्लंडमध्ये ‘लँड रोव्हर’ आली. युद्धानंतर तेथे पोलादाची टंचाई होती, अॅल्युमिनियम मात्र मिळत होते, आणि महागड्या साच्यांसाठी पैसा घालायचा नव्हता. म्हणून तिचे अंग सपाट आणि सोप्या, एकेरी वळणांचे ठेवले गेले. आज तोच खोक्यासारखा आकार जगभर रुबाबदार मानला जातो. त्याच वर्षी ‘जॅग्वार एक्सके १२०’ ही गाडी लंडनच्या प्रदर्शनात मांडली गेली. ती फार विकली जाणार नाही असा अंदाज होता, म्हणून पहिल्या सुमारे २४० गाड्यांचे अंग लाकडी सांगाड्यावर अॅल्युमिनियम ठोकून हातानेच केले. मागणी इतकी आली की १९५० पासून साचे करून पोलादी अंगे काढावी लागली.

जेथे गाड्या मोजक्याच व्हायच्या, तेथे हात टिकून राहिला. इटलीतील मोडेना हे त्याचे माहेरघर. सेर्जिओ स्काल्येत्ती (१९२०–२०११) हा तेथला कारागीर. वडील वारल्यामुळे कोवळ्या वयातच तो पत्राकामाला लागला आणि पुढे १९५१ मध्ये त्याने स्वतःचा कारखाना काढला. फेरारीच्या शर्यतीच्या गाड्यांची अंगे तो करी, तीही बहुतेक वेळा नकाशा न काढता, नजरेच्या अंदाजाने. वाळूने भरलेल्या चामडी पिशवीवर अॅल्युमिनियमचा पत्रा ठेवायचा आणि मोगरीने ठोकून त्याला पोट आणायचे. मग तो गुळगुळीत करायचा आणि शेजारच्या तुकड्याशी सांधायचा. १९६२ ते १९६४ या काळात झालेल्या ‘२५० जीटीओ’ या गाड्या अवघ्या ३६. हाताने घडल्यामुळे त्यांतली एक दुसरीसारखी तंतोतंत नाही, एवढेच काय, एकाच गाडीची डावी-उजवी बाजूही मोजून पाहिली तर जुळत नाही. २०१८ साली अमेरिकेत झालेल्या लिलावात त्यांतली एक ४ कोटी ८४ लाख डॉलरना विकली गेली.

ती किंमत मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. महत्त्वाचे वाटते ते हे, की २००४ साली फेरारी कारखान्याने आपल्या एका नव्या गाडीला ‘स्काल्येत्ती’ असे नाव दिले. मालकाचे नव्हे, राजाचे नव्हे, पत्रा ठोकणाऱ्या माणसाचे नाव, आणि तेही तो हयात असताना.

हौशी पोरांचा उद्योग

इटलीत धंदेवाईक कारागीर होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात हौशी पोरे होती. फोर्डने १९३२ साली आठ सिलिंडरांचे स्वस्त इंजिन बाजारात आणले. जुन्या, टाकाऊ फोर्ड गाड्यांत ते बसवायचे, मडगार्ड आणि अनावश्यक पत्रा काढून गाडी हलकी करायची आणि वाळवंटातील कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर वेग मोजायचा, असा नाद तरुणांना लागला. म्यूरॉक आणि एल मिराज ही अशी तळी. १९३७ मध्ये या मंडळींनी आपली संघटनाही स्थापन केली. ‘हॉट रॉड’ म्हणतात त्या गाड्या याच.

महायुद्धात त्या भागातल्या विमानांच्या कारखान्यांत असंख्य माणसे पत्राकाम शिकली. युद्ध संपल्यावर ती विद्या आणि विमानांचे भंगार दोन्ही उपलब्ध होते. १९४६ साली बिल बर्क याने लढाऊ विमानाला लावायची जादा पेट्रोलची टाकी भंगारातून घेतली. पाण्याच्या थेंबासारखा तिचा आकार हवा कापण्यासाठीच घडवलेला. त्याने तीत इंजिन घातले, चाके लावली आणि ती तळ्यावर पळवली. पुढे अशा कितीतरी ‘टाक्या’ धावल्या.

दुसरा एक पंथ वेगापेक्षा रूपाच्या मागे होता. सॅम आणि जॉर्ज बॅरिस हे भाऊ त्यांत अग्रगण्य. गाडीचा टप चार-पाच इंच खाली आणायचा, ही त्यांची खासियत. ऐकायला सोपे वाटते. पण टपाचे खांब वर जाताना आत कललेले असतात; ते कापून टप खाली आणला की वरची आणि खालची टोके जुळतच नाहीत. मग टप लांबीला, कधी रुंदीला कापून मध्ये तुकडे घालावे लागतात आणि प्रत्येक सांध्याची गोलाई नव्याने जुळवावी लागते. सांधे बुजवायला ते शिसे वापरीत. आधी पोलादाला कथलाचा पातळ थर द्यायचा, म्हणजे चक्क कल्हई करायची. त्याशिवाय शिसे धरत नाही. ७० भाग शिसे आणि ३० भाग कथील यांचे मिश्रण एकदम वितळत नाही, सुमारे १८३ ते २५७ अंशांपर्यंत ते लोण्यासारखे मऊ राहते. तेवढ्या अवधीत लाकडी पट्टीने ते लिंपायचे. आमच्याकडे ज्या कामाला ‘लांबी भरणे’ म्हणतात त्याचाच हा जुना, अवघड अवतार. शिशाची धूळ विषारी, हेही येथे सांगितले पाहिजे.

टॉम वुल्फ या पत्रकाराने १९६३ साली ‘एस्क्वायर’ मासिकात या मंडळींवर लेख लिहिला आणि गाड्यांची अंगे कापणाऱ्या-घडवणाऱ्या या माणसांकडे शिल्पकार म्हणून पाहिले. इंग्रजी गद्यातील नव्या पत्रकारितेची सुरुवात ज्या लेखनापासून मानतात त्यात या लेखाची गणना होते. म्हणजे पत्राठोकीवरचा एक लेख साहित्याच्या इतिहासात जाऊन बसला!

आपल्याकडची ताटातूट

आता आपल्याकडे वळू. कौशल्याची आपल्याकडे वाण नाही. एस.टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेत चेसिसवर बसची अंगे बांधली गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींतली शेवटची गाडी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली; कारखान्यातून तिचे उत्पादन थांबल्यावरही पुढे वीसेक वर्षे त्या गाड्या धावत राहिल्या त्या डेंटरांच्या जिवावर. गाड्या कमी आणि सुटे भाग दुर्मिळ, अशा दिवसांत फाटलेले मडगार्ड बदलता येत नसे, नव्याने घडवावेच लागे.

हौशीही आहेत. जुन्या मोटारी सांभाळणारी, रॅली काढणारी मंडळी मुंबई-पुण्यात पुष्कळ आहेत. पण मोडेना आणि कॅलिफोर्नियात जे घडले ते आपल्याकडे सहसा घडत नाही. तेथे हौस आणि हात एकाच माणसात होते, निदान एका बाकावर बसत होते. आपल्याकडे हौस खुर्चीवर बसते आणि हात जमिनीवर. चषक मालकाला मिळतो. गाडीपुढच्या फलकावर साल, बनावट, मालकाचे नाव असते. पत्रा कोणी घडवला ते नसते. लोहार, तांबट, सुतार यांना आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या लेखणीपासून दूर ठेवले आणि लेखणीवाल्यांना हातोडीपासून. वर्ध्याला १९३७ साली गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची कल्पना मांडली, तीही आपण फार काळ मनावर घेतली नाही.

याला एक अपवाद मी पाहिला. तीन वर्षांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ आपली जुनी फियाट घेऊन वडिलांकडे आले. तिचे मागचे मडगार्ड गंजून गेले होते. इतर गिऱ्हाइके विचारतात तसे ‘कधी देता?’ एवढेच विचारून ते गेले नाहीत. गोणपाट टाकून जमिनीवर बसले आणि पत्र्याच्या मागून डॉली धरू लागले. अकरा दिवस ते रोज येत. ‘मेस्त्री, घाव इथे का घातलात?’ ‘आता आवाज का बदलला?’ असे सारखे विचारत. वडील आधी गोंधळले. तीस वर्षांत त्यांना हे कोणी विचारलेच नव्हते. मग सांगू लागले. पत्र्याला पोट सुटणे, पत्रा मेला, काठ रुसला, ठिपका ओढला असे शब्द मी त्या दिवसांत प्रथम सलग ऐकले आणि वहीत उतरवून घेतले. या लेखाचे मूळ त्या वहीत आहे. हाताला जे कळते त्याला शब्द मिळायचे असतील तर कोणीतरी शेजारी बसून विचारावे लागते, हे मला तेव्हा समजले.

या कामाचे मी नुसते गोडवे गात नाही. वडिलांना डाव्या कानाने फारसे ऐकू येत नाही. ठोकण्याच्या व्यवसायात आयुष्य घालवलेल्या बहुतेकांची हीच गत होते. गॅरेजमध्ये पूर्वी तीन पोरे शिकायला असत, आज एकही नाही. आणि त्यांनी यावे तरी का? नव्या गाड्यांचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटरचा, आणि आतील खांबांचे विशेष पोलाद असे की ते तापवले तर त्याची ताकदच जाते. विमा कंपनी नवा भाग बदलून देते. उरलेले पोचे वॉशर चिकटवून, यंत्राने ओढून काढतात. हे सगळे सोयीचे आणि पुष्कळदा सुरक्षितही आहे. जुनी पद्धत जशीच्या तशी टिकावी असा माझा हट्ट नाही.

पण एखादी विद्या जाताना तिचे शब्द, तिच्या युक्त्या, तिची विचारपद्धती कोणीतरी टिपून ठेवावी की नाही? त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिले म्हणून त्या काळचे खेडे, तेथले बलुतेदार आणि त्यांचे व्यवहार आपल्याला आज कळतात. गॅरेजगाडा कोणी लिहिलेला नाही. आपल्या गावात डेंटर आहेत, वेल्डर आहेत, रेडिएटर झाळणारे आहेत, गाद्या शिवणारे आहेत. त्यांच्यातले बरेच जण पन्नाशी ओलांडलेले आहेत. आपल्या मराठी विभागाने त्यांच्या शब्दांचा एक छोटा कोश करावा, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. शब्द गोळा करायला मोठा निधी लागत नाही. वही, पेन आणि जमिनीवर बसण्याची तयारी पुरेशी आहे. माझी वही मी पहिली देईन.

‘वळण’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. पत्र्याला वळण येते आणि माणसालाही वळण लागते. दोन्हीसाठी ताणावे लागते, आवळावे लागते, मध्ये मध्ये ताव देऊन नरम करावे लागते. आणि कुठे थांबायचे, हे तळहाताला कळावे लागते.